दोरीचे दहा तुकडे

गणिताच्या बाईंची चुटकी तिसऱ्या मजल्यावर वाजली तर खाली पहारेकऱ्याच्या खोलीत ऐकू जाते, असं मुलं म्हणायची. आता मुलं काय, राईचा पर्वत करतातच. पण चुटकी होती मात्र खणखणीत, यात खोटं काही नाही. प्रश्न विचारायचा, बोट रोखायचं, आणि उत्तर आलं नाही की चट्! चुटकी वाजायची आणि बोट पुढच्या बाकाकडे वळायचं. बावीस वर्षं हेच चाललं होतं. "तासाला वेग हवा, नाहीतर पोरं झोपतात," असं बाई नव्या शिक्षकांना ऐकवायच्या, आणि नवे शिक्षक बिचारे घरी जाऊन आरशासमोर चुटकीची तालीम करायचे. पाठीमागे मुलं त्यांना चुटकीबाई म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

वर्षातून एकदा या चुटकीला भलतंच वजन यायचं. सहावी संपत आली की सातवीच्या दोन तुकड्या पाडायच्या: हुशार ती अ, बाकीची ब. अ तुकडी वर, मोठ्या खिडक्यांच्या वर्गात. ब तुकडी मैदानापलीकडच्या बैठ्या इमारतीत, जिथं पूर्वी मोडकी बाकं ठेवत. कोण कुठं बसणार ते ठरायचं बाईंच्या तोंडी परीक्षेवर. बाकीचे शिक्षक म्हणायचे, "गणितात कळतं हो, पोर किती पाण्यात आहे ते." बाई बारा नावांची यादी करायच्या, मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका तिच्यावर सही करायच्या, आणि बारा मुलं दप्तरं घेऊन मैदान ओलांडायची. ब तुकडीतलं मूल सुधारलं तर त्याला परत वर घ्यावं, असं नियमात लिहिलं होतं. बावीस वर्षांत एकही परत आलं नव्हतं. का आलं नाही, असं कुणी विचारलं असतं तर बाईंनी तिथल्या तिथं सांगितलं असतं, "सुधारलं नाही म्हणून."

आणि बाई कुणाची भीडभाड ठेवणाऱ्यांतल्या नव्हत्या हं! सतरा वर्षांपूर्वी त्यांनी त्या यादीत स्वतःच्या पोटच्या लेकीचं नाव लिहिलं होतं. "माझी म्हणून काय तिला वेगळा न्याय?" असं स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या. ती गोष्ट शाळेत अजून आदरानं सांगतात. लेक मैदान ओलांडून गेली, पुढं कशीबशी शाळा संपवली, आणि आता दुसऱ्या शहरात तयार कपड्यांच्या कारखान्यात कापड कापायच्या विभागात होती. दर रविवारी सकाळी तिचा फोन यायचा. बाई बोलायच्या, ती "हं... हं..." करायची. "पहिल्यापासून अबोलच आमची," असं बाई शेजारणीला सांगायच्या.

या वर्षीच्या यादीतलं पहिलं नाव तर परीक्षेआधीच ठरल्यासारखं होतं. शेवटच्या बाकावर, खिडकीशी एक मुलगी बसायची. प्रश्न विचारला की ती आधी फळ्याकडे बघायची, मग छताकडे, मग स्वतःच्या बोटांकडे. तोवर चुटकी वाजून प्रश्न तीन बाकं पुढं गेलेला असायचा. बाईंनीच तिचं नाव गोगलगाय ठेवलं होतं. प्रेमानं ठेवलं होतं म्हणा, पण असलं नाव एकदा चिकटलं की निघत नाही. तिची आई रुग्णालयात परिचारिका. एकदा पाळी संपवून ती गणवेशातच शाळेत आली आणि बाईंना म्हणाली, "बाई, तिला पलीकडे पाठवू नका हो. तिकडं गेलं की पोरं मनानंच शाळा सोडतात. घरी ही नुसती माझं डोकं खाते, हे असंच का आणि ते तसंच का."

"इथं तर तोंडातून ब्र निघत नाही," बाई म्हणाल्या, आणि वही मिटली.

नेमक्या त्याच महिन्यात बाईंच्या घरी नणंद मुक्कामाला आली. यजमानांची धाकटी बहीण, विद्यापीठात असते, मुलं कशी शिकतात याचा अभ्यास करते. बाईंच्या मते हा अभ्यास म्हणजे काठावर बसून पोहणाऱ्यांना शिकवणं. पण शाळेवर वरून सुधारणेचा तगादा लागला होता, आणि मोठ्या बाईंना कुणीतरी संशोधक हवाच होता. त्यांनी नणंदेला बोलावणं धाडलं आणि बाईंच्याच वर्गात बसवलं. आठ दिवस ती शेवटच्या बाकावर गोगलगायीशेजारी गुडघे दुमडून बसली, हातात स्टॉपवॉच, मांडीवर वही. बाईंनी ते आठ दिवस जास्तच जोरात चुटक्या वाजवल्या.

नवव्या दिवशी संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर तिनं वही उघडली.

"वहिनी, रागावणार नसशील तर सांगते."

"मी कशाला रागावू?" बाई रागावून म्हणाल्या.

"प्रश्न विचारल्यापासून पुढच्या मुलाकडे वळेपर्यंत तू सरासरी सव्वा सेकंद थांबतेस."

"मग? बरंच आहे की."

"पुढचं ऐक. पहिल्या दोन बाकांवर तू तीन सेकंद थांबतेस. शेवटच्या दोन बाकांवर पाऊण." नणंदेनं वही त्यांच्याकडे वळवली. "ज्याला येतं असं तुला वाटतं, त्याला तू वेळ देतेस. ज्याला येत नाही असं वाटतं, त्याला देत नाहीस. मग त्याला येत नाही, आणि तुला वाटतं, बघा, मी म्हटलंच होतं."

बाईंची कानशिलं तापली. "म्हणजे मी भेदभाव करते, असं म्हणायचंय का वन्सं तुम्हाला?" एरवी त्या तिला अगंतुगं करायच्या, 'वन्सं' निघालं की समजावं, पारा चढलाय.

"तू एकटी नाही गं. लोकांनी वर्गावर्गांत जाऊन मोजलंय, बहुतेक ठिकाणी असंच निघतं. मी शिकवत होते तेव्हा माझंही निघालं होतं. मी तर चक्क रडले होते."

"घड्याळ बिघडलंय तुझं," बाई म्हणाल्या आणि कप विसळायला उठल्या.

पण बाईंचा एक गुण मान्य केलाच पाहिजे. आकडा समोर आला की त्यांना तो पडताळून बघितल्याशिवाय चैन पडायचं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलावरचं स्टॉपवॉच गुपचूप त्यांच्या पर्समध्ये गेलं. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला विचारलं, "साबण आहे का?" उत्तर अर्ध्या सेकंदात. "तुम्हाला हे दुकान मनापासून आवडतं का हो?" सात सेकंद, आणि मग त्या माणसानं वीस मिनिटं आपली कर्मकहाणी सांगितली, बाईंची प्रार्थनेची वेळ चुकली. घरी यजमानांना विचारलं, "भाजी कशी झालीय?" चार सेकंदांनी ते म्हणाले, "छान."

"चार सेकंद काय करत होतात?"

"मीठ कमी आहे म्हणावं की नको, याचा विचार करत होतो."

"लग्नाला एकतीस वर्षं झाली! आधी कधी बोलला नाहीत ते?"

"तू थांबलीस कधी?" यजमान म्हणाले आणि पुन्हा ताटात बघू लागले. बाईंना हसावं की रडावं कळेना. त्यांनी निमूटपणे मिठाचा डबा पुढं सरकवला.

इकडे शाळेत वेगळाच गोंधळ उडाला. मोठ्या बाई तशा मनानं चांगल्या, पण परिपत्रकाचं त्यांना भारी वेड. नणंदेचा अहवाल वाचून त्यांना इतका आनंद झाला, की शेवटच्या चार पानांपर्यंत पोचायच्या आतच त्यांनी परिपत्रक काढलं: प्रत्येक शिक्षकानं प्रत्येक प्रश्नानंतर पाच सेकंद थांबणं बंधनकारक आहे. आता शिक्षक थांबले की नाही हे कळणार कसं? म्हणून खाली आणखी एक ओळ: सेकंद मोठ्यानं मोजावेत. झालं! सोमवारपासून सगळ्या शाळेभर "एक... दोन... तीन..." घुमू लागलं. भाषेच्या सरांनी त्याला चाल लावली. कवायतीच्या सरांनी शिट्टी घेतली. तिसऱ्या दिवसापासून मुलंही सुरात सूर मिसळू लागली. एक पोर उभं, आणि बाकीची चाळीस त्याच्याकडे बघत ओरडताहेत, "चार! पाच!" आणि पाचला बाईंची चुटकी. आगीतून उठून फुफाट्यात, दुसरं काय!

गोगलगाय पूर्वी निदान छताकडे तरी बघायची. आता ती बुटांकडे बघू लागली. गुरुवारी पोट दुखतंय म्हणून ती शाळेलाच आली नाही, शुक्रवारीही नाही.

दोन आठवड्यांनी मोठ्या बाईंनी मोजदाद मागवली. मुलं आधीपेक्षा कमी बोलत होती. त्यांनी नणंदेला आणि बाईंना आपल्या खोलीत बोलावलं, चष्मा टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "संपलं तुमचं संशोधन. कागदावर सगळं छान असतं हो. परिपत्रक मी मागं घेते." मग बाईंकडे वळून, "आणि तुमची ती यादी. शनिवारी सकाळी माझ्या टेबलावर हवी. बारा नावं, नेहमीसारखी."

खरं तर बाईंना आनंद व्हायला हवा होता. नणंदेचं पितळ उघडं पडलं होतं, चुटकी जिंकली होती. पण घरी परतताना रस्ताभर त्यांच्या डोक्यात किडा वळवळत राहिला. पाच सेकंद तर पाऊणपेक्षा जास्त. मग उत्तरं वाढायच्या ऐवजी कमी का झाली? हिशेब जुळत नव्हता, आणि न जुळलेला हिशेब बाईंना दाताखालच्या खड्यासारखा सलायचा.

"सांग ना, का नाही जमलं?" त्यांनी घरात पाऊल टाकताच नणंदेला विचारलं.

"तू सांग. बावीस वर्षं तू तिथं उभी आहेस. मी आठ दिवस मागं बसले."

"कोडी घालू नकोस."

"कोडं नाही गं. मोजायचं होतं ते माझ्यासाठी, त्या पोरांसाठी नाही. मी लिहिलंय तसं शेवटच्या चार पानांवर, पण ती वाचतो कोण." नणंद बॅग भरता भरता थांबली, दुसऱ्या दिवशी सकाळी तिची गाडी होती. "वहिनी, एक विचारू? वर्गात तुला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते?"

बाई उत्तर द्यायला तोंड उघडून बसल्या आणि तशाच राहिल्या. नणंद काही बोलली नाही. तिनं घड्याळाकडेही बघितलं नाही. हातातली घडी केलेली ओढणी मांडीवर ठेवून ती नुसती बाईंकडे बघत राहिली, आणि तिला खरंच जाणून घ्यायचं होतं हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"गप्प वर्गाची," बाई शेवटी म्हणाल्या. त्यांचा आवाज त्यांनाच अनोळखी वाटला. "वर्ग गप्प झाला की मला वाटतं, सुटला हातातून. पहिल्या वर्षी सुटला होता तसा. तेव्हा मी पंचविशीची असेन... नाही, तिशीला टेकले होते. पोरं हसली होती मला. तेव्हापासून मी गप्प होऊच देत नाही."

नणंदेनं त्यांचा हात हातात घेतला. बाईंच्या लक्षात आलं, की हे आपण आजवर कुणाला, अगदी यजमानांनाही सांगितलं नव्हतं. आणि सांगितलं ते केवळ समोरचं माणूस थांबलं म्हणून. मोजणारा माणूस आकड्याकडे बघत असतो, पोराकडे नाही. इतकी साधी गोष्ट, आणि त्यासाठी विद्यापीठातून नणंद यावी लागली!

शुक्रवारी तोंडी परीक्षा. ती व्हायची नकाशांच्या खोलीत, एकेका मुलाला आत बोलावून. बाईंनी सकाळीच खडूंचा भरलेला डबा घेतला आणि दोन्ही हातांनी छातीशी धरून खुर्चीत बसल्या. चुटकी वाजवायची तर डबा पडणार, असा बंदोबस्त.

चार साधे प्रश्न झाले की शेवटचा, ठरलेला, निकालाचा प्रश्न. बावीस वर्षं तोच: एका लांब दोरीचे दहा सारखे तुकडे करायचेत. एक काप घ्यायला एक मिनिट लागतं. तर किती मिनिटं लागतील? उतावळी मुलं म्हणतात दहा. हुशार मुलांना कळतं, दहा तुकड्यांना काप नऊच लागतात. झटकन 'नऊ' आलं की मूल अ तुकडीत.

पहिल्या बाकावरचा तल्लख मुलगा आला. प्रश्न पुरता संपायच्या आत म्हणाला, "नऊ!" एरवी बाईंनी तिथंच बरोबरची खूण केली असती. आज हातात डबा होता. त्या नुसत्या त्याच्याकडे बघत राहिल्या.

"नऊच ना, बाई?" तो चुळबुळला.

बाई गप्प.

"दादानं तर नऊच सांगितलं होतं." एवढं बोलून त्यानं जीभ चावली. पण बाण सुटला तो सुटला.

बाईंनी त्याला हळूच विचारलं, "आणखी कुणाकुणाला सांगितलंय, बाळा?" आणि पोरानं भोळेपणानं सगळं सांगून टाकलं. वरच्या वर्गात ज्यांची भावंडं आहेत त्या सगळ्यांना तो प्रश्न ठाऊक होता, आणि कैक वर्षं ठाऊक होता. बाई आपण पोरांची बुद्धी मोजतोय म्हणून ऐटीत बसायच्या, आणि मोजत होत्या काय, तर कुणाला मोठा दादा आहे आणि कुणाला नाही! त्यांनी डबा आणखी घट्ट धरला.

दुपारी गोगलगायीची पाळी आली. ती दारातच घुटमळली, मग खुर्चीच्या टोकावर बसली. घरात तीच थोरली. तिला कोण सांगणार? बाईंनी प्रश्न विचारला.

मुलगी बाईंकडे बघू लागली, मग छताकडे. बाईंची बोटं डब्याखाली शिवशिवली. बाहेर मैदानात कुणीतरी चेंडू भिंतीवर आपटत होतं, धप्, धप्. बाईंना वाटलं, एव्हाना मिनिट झालं असेल. झाले असतील दहा सेकंद. 'येत नाही हिला, उगाच छळ कशाला पोरीचा,' असं मन म्हणत होतं, आणि हेच मन बावीस वर्षं म्हणत आलंय हेही त्यांना आज पहिल्यांदा ऐकू येत होतं. त्यांनी छताकडे बघितलं नाही, घड्याळाकडे बघितलं नाही. त्या मुलीच्या बोटांकडे बघू लागल्या. बोटं हलत होती. काहीतरी उचलत होती, मधोमध मोडत होती, एकावर एक ठेवत होती.

"बाई," मुलगी म्हणाली, "दोरी दुमडायची नाही का?"

'प्रश्नात असं कुठं म्हटलंय?' हे वाक्य बाईंच्या ओठांवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं. "दुमडली तर काय होईल?"

"दोन थर एकदम कापले जातील. तुकडे एकावर एक ठेवले तर सगळेच एकदम. मग नऊ कशाला?" ती पुन्हा थांबली, बोटं पुन्हा हलली. "चारांत होतील."

"चार?" बाईंच्या हातून डबा सुटला आणि खडू खोलीभर पसरले. कुणीही ते उचलले नाहीत. बाईंनी वहीतून कागदाची लांब पट्टी फाडली, तिच्यावर दहा भाग आखले, खणातली कात्री काढून मुलीपुढं ठेवली. "दाखव मला."

मुलीनं कापायला सुरुवात केली. पहिला काप मधोमध: पाच भागांचे दोन तुकडे. ते एकावर एक ठेवून दुसरा: दोन तुकडे दोन-दोन भागांचे, दोन तीन-तीनचे. चारही एका टोकाला जुळवून, टोकापासून एका भागावर तिसरा: आता फक्त दोनच तुकडे दोन-दोन भागांचे उरले. ते एकावर एक ठेवून चौथा. टेबलावर दहा तुकडे पडले. बाईंनी ते दोनदा मोजले, आणि मग गणिताच्या त्या जुन्याजाणत्या बाई खुर्चीत मागं रेलून लहान पोरीसारख्या खुदकन हसल्या.

"अगं, मग इतके दिवस वर्गात का बोलली नाहीस?"

मुलीनं याही प्रश्नाला वेळ घेतला. "मी बोलणारच असते, बाई," ती म्हणाली. "पण तोवर तुम्ही पुढच्याला विचारलेलं असतं."

बाईंचं हसू तिथंच विरलं.

शनिवारी सकाळी मोठ्या बाईंच्या टेबलावर एक कागद आला. वर 'यादी' असं लिहिलं होतं आणि खाली एकही नाव नव्हतं.

"ही काय थट्टा आहे?" मोठ्या बाई म्हणाल्या.

"थट्टा बावीस वर्षं चालली होती," बाई म्हणाल्या आणि त्यांनी पर्समधून कागदाचे दहा तुकडे काढून टेबलावर मांडले. दादांची गोष्ट सांगितली, दोरीची सांगितली. काही लपवलं नाही. सांगताना त्यांची मान खाली जात होती, पण त्यांनी सांगितलं.

मोठ्या बाईंनी लगेच पेन उघडलं. "म्हणजे परीक्षाच चुकीची. ठीक आहे, नवं परिपत्रक काढते..."

"नको! एवढी कृपा करा, परिपत्रक नको."

"मग करू काय?"

"या वर्षी एकालाही पलीकडे पाठवू नका. आणि तुम्ही आठ दिवस माझ्या वर्गात मागं येऊन बसा. मग मी तुमच्या इतिहासाच्या तासाला बसते. काय दिसतंय ते आधी बघू या तरी."

मोठ्या बाई गप्प झाल्या. बाईंना वाटलं, आता पटवून द्यावं, मुद्दे सांगावेत, नणंदेच्या अहवालाची शेवटची चार पानं वाचून दाखवावीत. त्यांनी दोन्ही हात मांडीखाली घातले आणि बसून राहिल्या. मोठ्या बाईंनी कागदाचे तुकडे बोटानं सरकवले, जुळवले, पुन्हा सरकवले.

"एक वर्ष," त्या म्हणाल्या. "एक वर्ष बघू." मग मान वर करून त्यांनी विचारलं, "आणि आधी पाठवलेल्यांचं काय?"

मैदानापलीकडच्या इमारतीत या घडीला बसलेल्या पोरांना सोमवारी भेटायचं बाईंनी ठरवलं. पण बावीस वर्षं, वर्षाला बारा, म्हणजे दोनशे चौसष्ट. आणि त्यांतली एक रविवारी फोन करणार होती.

रविवारी सकाळी नेहमीच्या वेळी फोन वाजला. यजमान बाहेर गेले होते. "कशी आहेस?" बाईंनी विचारलं. "बरी," लेक म्हणाली. एरवी इथून पुढं बाईंची गाडी सुटायची: शेजारीण, भाजी, गुडघे, शाळा. आज त्या म्हणाल्या, "तुला तो दोरीचा प्रश्न आठवतो का गं? दहा तुकड्यांचा? सहावीत मी विचारला होता, नकाशांच्या खोलीत."

पलीकडून आवाज नाही. बाईंनी टेबलाची कड धरली. फोन कट झाला की काय असं वाटलं, तरी त्या 'हॅलो हॅलो' करत सुटल्या नाहीत.

"आठवतो," लेक म्हणाली.

"तू तेव्हा काहीच बोलली नव्हतीस. मी तुझं नाव यादीत घातलं. काय म्हणणार होतीस तू?"

तिच्या खोलीतला पंखा फोनवरून ऐकू येत होता.

"दोरी दुमडली तर चालेल का, असं विचारणार होते," लेक म्हणाली.

बाई खाली बसल्या. खुर्ची कुठं होती ते त्यांनी बघितलंही नाही, नशीब, होती.

"आई, आम्ही इथं साठ थर एकावर एक लावतो आणि एकदम कापतो. पहिल्या दिवशी ते टेबल बघितलं ना, तेव्हा मला ती दोरीच आठवली. म्हटलं, बरोबर होतं की आपलं! इतका आनंद झाला. तुला सांगावं म्हणून त्या रविवारी फोन केला होता."

'मग सांगितलं का नाहीस?' हे बाईंनी विचारलं नाही. त्यांना उत्तर ठाऊक होतं. तरी लेकीनं ते दिलंच, कसलाही राग न ठेवता, जणू हवापाण्याचं सांगावं तसं.

"तू शेजारणीचं काहीतरी सांगत होतीस."

बाईंनी बोलायला तोंड उघडलं आणि शब्दच फुटेना. सतरा वर्षांचं काय एका वाक्यात बोलायचं? डोळ्यांतून पाणी गळून टेबलावर पडू लागलं, ते पुसायचंही सुचेना. त्यांना फक्त एवढंच वाटत होतं, की आता ती कंटाळेल, "बरं, ठेवते मग" म्हणेल, आणि पुढच्या रविवारपर्यंत काही बोलता यायचं नाही.

लेकीनं फोन ठेवला नाही. पंख्याचा आवाज येत राहिला.

"घाई नाही, आई," ती म्हणाली. "सावकाश सांग. मी आहे."